आता पहिल्यापासून

खांबेटे आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी दारात बूट काढले, नमस्कार केला आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन आमचा फ्रिज बंद केला.

आम्ही जपानमध्ये, त्सुकुबाला नवीन होतो. मला इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली होती आणि समीर, माझा नवरा, घरून पुण्याच्या कंपनीचं काम करायचा. समीरने माझ्याकडे पाहिलं, मी समीरकडे. इथे कचऱ्याचे इतके प्रकार आणि त्यांचे इतके वार पाळायचे असतात, की पाहुणे आल्यावर फ्रिज बंद करायचाही काही नियम असेल, असं मला वाटून गेलं. खांबेट्यांच्या मागोमाग नीलाताई आल्या. त्यांच्या पत्नी. त्या शांतपणे म्हणाल्या, "दूध बाहेर काढून ठेव गं. हे आता तासभर तरी तो लावू देणार नाहीत."

"पांढरी पाचच्या किंचित वर आहे," खांबेटे फ्रिजला उद्देशून म्हणाले. "हाच क्योतोला नेलात तर कोमल गंधारावर लागेल."

त्यात थट्टा नव्हती. जपानच्या पूर्वेकडच्या विजेची कंपनं वेगळी आणि पश्चिमेकडच्या विजेची वेगळी, त्यामुळे जुन्या यंत्रांची घरघर इकडे एका सुरात तर तिकडे दुसऱ्या सुरात लागते, हे त्यांनी मला नंतर सविस्तर समजावलं. मी विचारलं नव्हतं. लोक एखाद्याच्या घरी जाताना मिठाई नेतात. खांबेट्यांनी एक सीडी आणली होती. ती ऐकायची म्हणून फ्रिज बंद केला होता.

खांबेटे मूळचे मिरजेचे. मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव, आणि त्यांचे वडील गावातल्या एकाही मैफलीला न चुकणारे. मुलगा मात्र आवाज कमी करण्याचं शास्त्र शिकून जपानला, आमच्याच संस्थेत आला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याच्या टाचांचा खालच्या मजल्यावर येणारा आवाज, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. त्यावर त्यांची अर्धी हयात गेली होती. "माणूस चालला पाहिजे, पण ते कुणाला कळता कामा नये," असं ते आपल्या कामाचं वर्णन करत. संस्थेतले लोक त्यांना खांबेते-सान म्हणत आणि आपल्या टाचा जपून टाकत.

या माणसाचा जीव जडला होता आइसलंडच्या एका बँडवर. बँडचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. दहा-दहा मिनिटांची गाणी. पहिली चार मिनिटं काही घडतच नाही. दुरून कुठून तरी ऑर्गनचा एक सूर येत राहतो आणि त्याच्याखाली आणखी एक सूर कधी येऊन बसला हे कळत नाही. मग गिटार, तीही गजाने वाजवलेली. मग एक अगदी बारीक पुरुषी आवाज, आणि त्यातले शब्द खुद्द आइसलंडच्या लोकांनाही कळत नाहीत म्हणे. समीरने विचारलंच, "पण सर, याचा अर्थ काय?"

"अर्थ नाही म्हणून तर टिकलंय," खांबेटे म्हणाले. "अर्थ आला की मतभेद आले."

आइसलंडला ते कधी गेले नव्हते. जावंसं वाटतं का, असं विचारल्यावर म्हणाले, "छे, थंडी फार असते." या संगीतात हिमनदी सरकते, असं सांगणारा हा गृहस्थ सप्टेंबरपासून घरात कानटोपी घालून बसे. कानटोपी काढली की समजायचं, आता ऐकणं सुरू होणार.

रविवारी दुपारी त्यांच्याकडे ऐकण्याची बैठक असे. बैठकीला आम्ही दोघं, ते आणि नीलाताई. कधी कधी विद्यापीठातला एखादा नवा मराठी विद्यार्थी यायचा, तो दुसऱ्या रविवारी दिसत नसे. खांबेटे आधी घरभर फिरत. फ्रिज बंद, पंखा बंद, भिंतीवरचं घड्याळ उतरवून पांघरुणांच्या कपाटात. चिवडा आधी खाऊन घ्यायचा. चहा आधी पिऊन घ्यायचा. कप बशीवर वाजता कामा नये. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे दाद द्यायची नाही. वाहवा नाही, क्या बात है नाही, मान हलवली तर चालेल पण मानेतून आवाज येणार असेल तर तीही नको. मध्ये कुणी आवाज केला की ते रागावत नसत. रिमोट उचलत, गाणं थांबवत आणि म्हणत, "आता पहिल्यापासून."

समीर एकदा घोरला. आम्ही ते गाणं तीनदा पहिल्यापासून ऐकलं.

त्यांचं सगळ्यात लाडकं गाणं होतं, त्याला बँडने नावच दिलेलं नव्हतं. खांबेटे त्याला 'मोठं' म्हणत, मोठा ख्याल म्हणतात तसं. या मोठ्यात मध्यावर, सगळी वाद्यं चढत चढत अगदी वर गेल्यावर, एकदम सगळं थांबतं. गाणं संपलं असंच वाटतं. संपलेलं नसतं. बराच वेळ नुसती शांतता, आणि मग तो बारीक आवाज पुन्हा एकटाच उगवतो. त्या शांततेत खांबेट्यांचे डोळे मिटलेले असत आणि आम्ही श्वास मोजून घेत असू.

नीलाताईंचं माहेर सांगलीचं. गाणं ऐकायचं म्हणजे पुढे सरसावून, मांडीवर ताल धरून, आवडलं की मोकळेपणाने सांगून ऐकायचं, हे त्यांच्या हाडात होतं. आइसलंडचं त्यांना फारसं आवडत नसे. पण नवऱ्याला आवडतं म्हणून त्या बसत, शिस्तीत बसत. एका रविवारी 'मोठं' चाललं होतं. सगळं वर गेलं, थांबलं, आणि त्या शांततेत नीलाताईंच्या तोंडून निघून गेलं, "वाः."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. त्यांना ते गाणं त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं होतं, हे मला दिसत होतं. खांबेटे पाहत नव्हते, कारण त्यांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी चाचपडत रिमोट उचलला आणि म्हणाले, "आता पहिल्यापासून."

नीलाताई उठून स्वयंपाकघरात गेल्या. फ्रिज बंद होता, आत श्रीखंडाचा चक्का आंबायला लागला होता, तो त्यांनी शांतपणे टाकून दिला. त्यानंतर त्या बैठकीला बसल्या नाहीत.

पुढच्या दिवाळीला आमच्या मराठी मंडळींनी कम्युनिटी सेंटरचा हॉल घेऊन दिवाळी पहाट करायची ठरवली. ध्वनिव्यवस्था कुणाकडे द्यायची, यावर चर्चाच झाली नाही. एवढा मोठा तज्ज्ञ घरात आहे. मंडळी सकाळी साडेसहाला उटणं लावून, पैठण्या नेसून, डब्यात चकल्या घेऊन सायकलींवरून आणि गाड्यांतून आली. भूपाळीची अपेक्षा होती. खांबेट्यांनी 'मोठं' लावलं.

पहिली चार मिनिटं लोक कार्यक्रम सुरू व्हायची वाट पाहत होते. मंडळींची इथेच जन्मलेली पोरं आपसात जपानीत विचारत होती की यंत्र बिघडलं का. तेवढ्यात सेंटरचे व्यवस्थापक मोरिता-सान शिडी घेऊन आत आले, वाकून सगळ्यांची माफी मागितली, शिडीवर चढले आणि एअर कंडिशनर उघडायला लागले. घरघर तिथूनच येत असणार, अशी त्यांची खात्री होती. खांबेटे त्यांना थांबवायला गेले नाहीत. मध्ये बोललं तर आवाज झाला असता.

"पहाटच होती ना?" नंतर ते मला म्हणाले. "तिथली पहाट अशीच होते. हळूहळू." नीलाताई बाजूला उभ्या राहून चकल्या वाटत होत्या. त्यांना हसू आवरत नव्हतं, आणि त्यांना हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

त्या हिवाळ्यात त्या बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी म्हणून पुण्याला गेल्या. गुडघा बरा झाला, बहीण चालायला लागली, नीलाताई आल्या नाहीत. कोथरूडला त्यांचा फ्लॅट होता, तिथेच राहिल्या. जाण्याआधी त्या मला म्हणाल्या होत्या, "भांडण काही नाही गं. माणूस वाईट नाहीच. पण इथे घरात शांतता, रस्त्यात शांतता, दुकानात शांतता. एकदा ह्यांनी मला त्या संस्थेतल्या खोलीत नेलं होतं, जिथे भिंती आवाज गिळून टाकतात. माझ्याच पोटातला आवाज मला ऐकू यायला लागला. मी बाहेर येऊन म्हटलं, आपल्या घरात आणि या खोलीत मला काही फरक दिसत नाही. ह्यांना ती शाबासकी वाटली."

मग दोन वर्षं फोन. त्या बोलत तेव्हा मागून हॉर्न, भाजीवाला, कुणाच्या तरी लग्नाचा बँड, सगळं येत असे. खांबेटे फोन कानापासून लांब धरून मला म्हणत, "यात ती कुठे आहे, ते शोधावं लागतं." पुढच्या मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. संस्थेने त्यांना आणखी पाच वर्षं थांबा म्हणून विचारलं होतं, आणि वर्ष संपायच्या आत उत्तर द्यायचं होतं. नीलाताईंचं उत्तर आधीच तयार होतं. "तुम्ही खुशाल राहा पाच वर्षं. मी रागावणार नाही. पण मी तिकडे येणार नाही, आणि पाच वर्षांनी तुम्ही इकडे आलात तर आपल्याला एकमेकांची सवय राहिलेली नसेल, एवढं लक्षात ठेवा." खांबेट्यांनी हे मला जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाले, "पुण्यात सलग चार मिनिटं शांतता कुठे मिळते, सांग. गाणं सुरूच होणार नाही."

बायको की ऑर्गनचा सूर, असा प्रश्न आपण एखाद्या शहाण्या माणसाला विचारू शकत नाही. हा माणूस मात्र त्याच्यावर खरोखर झोपेविना विचार करत होता.

ऑक्टोबरात तो बँड टोकियोला येणार असं कळलं. खांबेट्यांनी दोन तिकिटं काढली आणि पुण्याला फोन केला. नीलाताई म्हणाल्या, "तोंड मिटून बसायला एवढ्या लांब कशाला येऊ? ते तर मी तिथे वर्षानुवर्षं केलंय." दुसरं तिकीट मला मिळालं. समीरला विचारण्याचा प्रश्न नव्हता.

गाडीत त्यांनी मला सूचना दिल्या. फोन बंद. बांगड्या काढ. पर्सची चेन आत्ताच उघडून ठेव, तिथे उघडायची नाही. खोकला येतोय असं वाटलं तर आधीच बाहेर जा. स्वतःचं मनगटी घड्याळ ते घरी ठेवून आले होते, कारण ते टिकटिकतं. कानटोपी मात्र डोक्यावर होती.

हॉल गच्च भरलेला. जपानी श्रोत्यांची शांतता मी आधीही अनुभवली होती, पण ही निराळी होती. हजारो माणसं बसलेली आणि कोटाची बाही घासल्याचाही आवाज नाही. खांबेट्यांनी समाधानाने इकडेतिकडे पाहिलं. आयुष्यभर ज्यांना शोधत होते, ती माणसं त्यांना एकगठ्ठा सापडली होती. त्यांनी कानटोपी काढली.

मला हे संगीत कळतं असं मी तोवर कधी म्हटलं नव्हतं, आजही म्हणणार नाही. पण त्यांच्या दिवाणखान्यात जी घरघर वाटायची, ती तिथे पायांतून वर आली. ऑर्गनचा सूर हॉलमध्ये धुक्यासारखा भरत गेला आणि आपण तो ऐकतोय की त्यात बसलोय, हे कळेनासं झालं. गजाने वाजणारी गिटार लांबवर कुणीतरी हाक मारावी तशी येई आणि विरून जाई. 'मोठं' सुरू झालं तेव्हा मी ते ओळखलं, आणि ओळखल्याचा मला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. ते चढत गेलं. ढोल आले, दिवे आले, सगळा हॉल थरथरायला लागला. आणि एकदम थांबलं.

ती शांतता मी विसरणार नाही. माझ्या गळ्याशी हुंदका आला होता. तो मी आत दाबला, कारण शेजारी खांबेटे होते.

आणि त्या शांततेत खांबेटे म्हणाले, "वाः."

हळू नव्हे. मिरजेत पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाने, गवय्या समेवर आल्यावर, हात पुढे करून म्हणावं तसं. हातही पुढे झाला होता. तो तसाच हवेत राहिला.

एकही मान वळली नाही. ते फार भयंकर होतं. खांबेट्यांच्या पलीकडे बसलेल्या एका जपानी आजीबाईंनी मात्र, आवाज न करता, आधीच कागदातून सोडवून ठेवलेली खोकल्याची गोळी त्यांच्या त्या पुढे झालेल्या हातावर ठेवली. खांबेट्यांनी ती तोंडात टाकली. दुसरं काय करणार? मग तो बारीक आवाज पुन्हा उगवला आणि गाणं पुढे गेलं.

परतीच्या गाडीत त्यांनी कानटोपी भुवयांपर्यंत ओढून घेतली. मला वाटलं, आता हे महिनाभर कुणाला तोंड दाखवणार नाहीत. शेवटी म्हणाले, "नीला म्हणाली होती, आठवतं?"

"आठवतं."

"तिथेच म्हणाली होती. अगदी त्याच जागेला." मग म्हणाले, "जागा तिला कळली होती. मला कळायला टोकियोपर्यंत यावं लागलं. आणि मी काय केलं, तर गाणं मागे नेलं."

मी म्हटलं, "हे त्यांना सांगा ना."

"काय सांगू? शब्दांत सांगायला गेलो की ती वाद घालेल."

हेही खरं होतं. पण नशीब खांबेट्यांपेक्षा विनोदी निघालं. काही आठवड्यांनी त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण बँडने इंटरनेटवर ठेवलं. मी ते स्वयंपाक करताना लावलं, फ्रिज चालू ठेवून. 'मोठं' आलं, चढलं, थांबलं, आणि त्या शांततेत, लांबून पण स्वच्छ, मिरजेचा माणूस म्हणाला, "वाः." मी कढईखालचा गॅस बंद करून खांबेट्यांना फोन केला. त्यांनी ते आधीच ऐकलं होतं. इतकंच नाही, तर संस्थेतल्या यंत्रावर तपासूनही झालं होतं.

"माझाच आहे," ते म्हणाले. माणसाच्या टाचांचा आवाज पुसण्यात आयुष्य घालवलेला हा गृहस्थ आता जगभर ऐकू जाणार होता, आणि तो पुसण्याचं कुठलंही शास्त्र त्याच्याकडे नव्हतं.

त्यांनी ते नीलाताईंना पाठवलं. बरोबर एवढंच लिहिलं की, यात मी आहे. नीलाताईंनी विचारलं, कितव्या मिनिटाला? खांबेट्यांनी ते सांगायला नकार दिला. मग त्या बाईंनी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून, हॉर्न आणि भाजीवाल्यांच्या मधून, नवऱ्याचा आवाज शोधत तो अख्खा कार्यक्रम ऐकला. सापडल्यावर फोन केला. खांबेटे मला सांगत होते, आधी तिकडून नुसता रस्ता ऐकू येत होता. मग नीलाताई म्हणाल्या, "दाद बरोबर जागेला दिलीत. पण सुरात नाही दिलीत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी संस्थेला नकार कळवला. कारण विचारलं तेव्हा घरगुती म्हणून सांगितलं. जपानमध्ये एवढ्यावर भागतं.

मार्चमध्ये घर आवरायला आम्ही गेलो. मोठा कचरा न्यायला येणारी गाडी ठरवलेली होती, कपाटं आणि गाद्या त्यात गेल्या. ते दोन प्रचंड स्पीकर मात्र त्यांना टाकवेनात आणि नेताही येईनात. शेवटी ते कम्युनिटी सेंटरला दिले. मोरिता-सान आता त्यांच्यावर रोज सकाळी म्हाताऱ्यांच्या कवायतीचं संगीत लावतात. आवाज उत्तम येतो, असं त्यांनी मला वाकून सांगितलं.

मी खांबेट्यांना शेवटचं पाहिलं ते पुण्यात. मी सुट्टीवर गेले होते, दुपारी त्यांच्याकडे गेले. उकाडा होता, तरी कानटोपी टीव्हीशेजारी तयार ठेवलेली होती. खिडक्यांना त्यांनी दुहेरी काचा बसवून घेतल्या होत्या, आणि नीलाताईंनी त्या सगळ्या सताड उघडल्या होत्या. फ्रिज चालू होता. "इथला पंख्यासकट बेसूर आहे," खांबेटे मला हळूच म्हणाले. नीलाताईंनी चिवड्याची बशी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "लावा आता. ती एवढ्या लांबून आलीये."

लहान स्पीकर होते. ऑर्गनचा सूर सुरू झाला तो रिक्षांच्या खालून कुठून तरी. नीलाताई पुढे सरसावून बसल्या होत्या, एक हात मांडीवर. खांबेट्यांनी डोळे मिटले. गाणं चढलं, चढलं, आणि थांबलं. नेमक्या त्या क्षणाला स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. लांब, चांगली भरदार शिट्टी. आणि ती संपते न संपते तोच खाली रद्दीवाल्याने आरोळी दिली.

मी खांबेट्यांच्या हाताकडे पाहिलं. तो चाचपडत रिमोटकडे गेला. रिमोट उचलला. नीलाताईंनीही ते पाहिलं, आणि मांडीवरचा हात थांबवला.

"पहिल्यापासून लावायचं का?" त्यांनी विचारलं.

खांबेट्यांनी डोळे न उघडता रिमोट त्यांच्या पदरात ठेवला. "नको," ते म्हणाले. "जाऊ दे पुढे."